‘पोट्टा कामातून गेला’ म्हणण्याआधी

मुर्री गोंदिया शहराला लागूनच आहे. अशा गावातल्या वीस वर्षांच्या पोराचं नाव मारामारीच्या गुन्ह्यात आलं की पानठेल्यावर निकाल लागतो, "पोट्टा कामातून गेला." हा निकाल बहुतेकदा खोटा ठरतो. पण तो ऐकून पोराला कामावर घेणारे मात्र मागे सरतात.

एकदा गुन्हेगार तो कायमचाच, हा सर्वांत घट्ट गैरसमज. अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि फिनिक्स इथल्या, गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ किशोरांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर घटत गेले. बॉस्टनच्या ५०० मुलांचा माग तर संशोधक सॅम्पसन आणि लॉब यांनी थेट त्यांच्या सत्तरीपर्यंत काढला. गुन्हेगारीतून सुटलेल्यांच्या आयुष्यात वारंवार दिसल्या त्या साध्याच गोष्टी : टिकून राहिलेली नोकरी, जुळलेला संसार.

"जास्त दिवस आत राहिला तर सुधारेल," असंही म्हणतात. त्या १,३५४ जणांमध्ये जास्त काळ कोंडून ठेवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं नाही. पोरांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे प्रयोगही झाले. न नेलेल्यांपेक्षा नेलेल्या पोरांनीच पुढे जास्त गुन्हे केले.

विश्वास टाकला तर काय होतं, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे ना उंच भिंत, ना बेड्या. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत.

गुन्हा सिद्ध झाला म्हणजे तुरुंग ठरलेलाच, हेही खरं नाही, आणि हे आईबापांना कुणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं. १९५८च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम ६ नुसार, जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवायचं तर न्यायालयाला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणं लेखी नोंदवावी लागतात. काही विशेष कायदे याला अपवाद आहेत. म्हणून वकिलाला हे कलम नाव घेऊन विचारा. कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.