गळ टाकण्याआधी : भंडारा-गोंदियाचे तलाव

ओळख : भंडारा म्हणजे 'तलावांचा जिल्हा'. 1999 साली त्यातूनच गोंदिया जिल्हा वेगळा झाला. इथले बरेच जुने तलाव मालगुजारीच्या काळातले, म्हणून 'मामा' (माजी मालगुजारी) तलाव. ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाची.

मोठे जलाशय : अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आणि गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण; तिरोडा तालुक्यात बोदलकसा व चोरखमारा; साकोली तालुक्यात शिवनीबांध.

मासे : रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते. मरळ, वाम, मागूर हे इथले मूळ रहिवासी. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे उथळ, गढूळ पाण्यातही तग धरते. नर-मादी मिळून पिल्लांची राखण करतात.

परवानगी : बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. गळ टाकण्याआधी त्यांना विचारा. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव विभागाचे नियम पाळा.

केव्हा टाळावे : पावसाळ्यात. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला सांडव्यावरून, ओढ्यांतून वर चढतात. तेव्हा धरलेली एक गाभोळीने भरलेली मादी म्हणजे हजारो पिल्लांची हानी.

लक्षात असू द्या : लहान मासा हात ओला करून पाण्यात परत सोडा. तुटलेली दोरी काठावर टाकू नका. पाणपक्ष्यांचे पाय तिच्यात अडकतात. हा तलाव कुणाची तरी रोजची भाकर आहे.