इस्पितळातून घरी आल्यावरचे जुलाब

लोटे गावात कुणाला जुलाब लागले की पहिला संशय पाण्यावर. एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांचा तो संशय उगीच नाही. पण माणूस ऑपरेशन करून, इंजेक्शनांचा कोर्स घेऊन चिपळूण-मुंबईहून परतलाय आणि दिवसातून तीन-चारदा पातळ होतंय, तर विहिरीआधी औषधांची फाईल बघावी.

अँटिबायोटिकनं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात. कधी जुलाब तेवढ्यानंच होतात आणि औषध थांबलं की थांबतात. कधी मात्र मोकळ्या झालेल्या जागेत ‘सी-डिफ’ हा जंतू फोफावतो, विष सोडतो. हे विष १९७८मध्ये ओळखलं गेलं. निदान शौचाच्या तपासणीनं होतं. तोवर पेज, ओआरएस चालू ठेवावं. आधीचं अँटिबायोटिक बंद करायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

‘जुलाब बांधणारी गोळी द्या’ हा हट्ट नको. विष आतच कोंडायची भीती असते.

‘गोळ्यांनी काय होतंय, सलाईनमधून भारी औषध सोडा!’ हा गैरसमज तर घरोघरी. सी-डिफवरचं औषध व्हँकोमायसिन शिरेतून दिलं तर मोठ्या आतड्यात पुरेसं पोचतच नाही. तोंडावाटे दिलं तर रक्तात फारसं शोषलं जात नाही, आतड्यातच राहतं. इथं तेच हवं असतं. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, दहा दिवस. त्यामुळे सिस्टर इंजेक्शनची बाटली फोडून, पाण्यात कालवून पेशंटला प्यायला देत असेल, तर ती चुकलेली नाही. फिडॅक्सोमायसिन हे दुसरं औषध. अमेरिकेत २०२१पासून त्याला पहिली पसंती, पण ते महाग. ओळखीचं मेट्रोनिडाझोल आता सौम्य आजारात, ही दोन्ही मिळत नसतील तरच. फार गंभीर पेशंटला मात्र ते शिरेतून, व्हँकोमायसिनच्या जोडीला देतात.

बरं वाटल्यावर ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला का बघू’ म्हणून पुन्हा तपासणी नको. जुलाब थांबूनही तो काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो.

साधारण पाचातल्या एकाला आजार उलटतो. वारंवार उलटला तर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडतात. नाक मुरडू नका. २०१३च्या डच अभ्यासात १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेला बरे झाले.

सॅनिटायझरनं या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. हात साबण-पाण्यानंच धुवावेत. संडासाला फिनेल पुरत नाही, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) लागतं. ते ॲसिडमध्ये मिसळलं तर क्लोरीन सुटतो, हे लोट्यातल्या कामगाराला सांगायला नको. घरी संडास धुणाऱ्यांना मात्र त्यानं सांगावं.