शहराचे प्रगतिपुस्तक आणि वृत्तपत्राचे पान

स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयांतून वृत्तपत्रांकडे दररोज प्रसिद्धिपत्रके जातात. शिबिर पार पडले, वृक्षारोपण झाले, मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन झाले, असा त्यांतील बहुतेकांचा मजकूर असतो. यांपैकी फार थोडी पत्रके छापून येतात, आणि जी येतात ती चार ओळींच्या 'संक्षिप्त वृत्तां'त विरून जातात. संस्थेचे काम चांगले असूनही त्याची बातमी का होत नाही, हा प्रश्न कार्यकर्त्यांना नेहमी पडतो. या प्रश्नाचे एक ठोस उत्तर बेंगळुरू शहरात १९९३-९४ मध्ये मिळाले. तेथील काही नागरिकांनी शहरातील सार्वजनिक सेवांचे 'प्रगतिपुस्तक' तयार केले आणि स्थानिक वृत्तपत्रांनी ते आठवडेच्या आठवडे वाचकांपुढे ठेवले.

या उपक्रमाचे प्रवर्तक होते अर्थतज्ज्ञ डॉ. सॅम्युअल पॉल. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे ते माजी संचालक होते आणि जागतिक बँकेतही त्यांनी काम केले होते. पाणी, वीज, दूरध्वनी, कचरा, भूखंडवाटप या सेवांविषयी शहरात सगळीकडे तक्रारी होत्या. मात्र 'माझ्याकडे पाणी येत नाही' ही एका घरची तक्रार असते. शंभरांतील किती घरांचा अनुभव तसाच आहे, हे कोणी मोजले नव्हते. पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजायचे ठरवले. सेवांचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्या कुटुंबांची शास्त्रीय नमुना पाहणी करण्यात आली. झोपडपट्टीतील कुटुंबांची पाहणी स्वतंत्रपणे झाली. कार्यालयात किती खेटे घालावे लागले, कर्मचारी कसे वागले, काम झाले की नाही, लाच द्यावी लागली का, असे साधे प्रश्न लोकांना विचारण्यात आले.

निष्कर्ष धक्कादायक होते. बेंगळुरू विकास प्राधिकरणाच्या सेवेबद्दल समाधान व्यक्त करणाऱ्यांचे प्रमाण अवघे १ टक्का होते. पाणीपुरवठा मंडळाच्या बाबतीत ते ४ टक्के, महापालिकेच्या बाबतीत ५ टक्के, तर वीजपुरवठ्याच्या बाबतीत ६ टक्के निघाले.

बातमी कशामुळे झाली?

हे निष्कर्ष शहरातील प्रमुख वृत्तपत्रांनी छापले. 'टाइम्स ऑफ इंडिया'ने त्यापुढे जाऊन सुमारे दोन महिने साप्ताहिक लेखमाला चालवली. दर आठवड्याला एका यंत्रणेचे गुण वाचकांसमोर मांडले जात आणि त्या यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनाही आपली बाजू मांडण्याची संधी दिली जाई.

या प्रसिद्धीमागील कारणे आजही लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले कारण म्हणजे त्यात संस्थेचे गुणगान नव्हते, वाचकाच्या घरातील नळाची गोष्ट होती. शहर प्रतिनिधीला आपल्या वाचकाचा प्रश्न हवा असतो. संस्थेने काय केले, हा त्याच्या दृष्टीने नंतरचा भाग असतो. दुसरे कारण तुलनेचे. 'सेवा वाईट आहे' हे मत झाले. सगळ्या यंत्रणांना एकाच मोजपट्टीने मोजून त्यांचा क्रम लावला की ती बातमी होते, कारण शेवटच्या क्रमांकावर कोण, हे प्रत्येकाला जाणून घ्यायचे असते. तिसरे कारण विश्वासार्हतेचे. प्रश्न कोणते विचारले आणि कोणाला विचारले, हे उघड असल्यामुळे संपादकाला ते आकडे जबाबदारीने छापता आले. चौथे कारण, हा मजकूर हप्त्याहप्त्याने देता येण्यासारखा होता. एका दिवसाची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. आठ आठवडे चालणारा विषय मात्र कार्यालयांतील टेबलांवर जाऊन पोहोचतो.

'प्रगतिपुस्तक' हा शब्दही उपयोगी पडला. शाळेतून आलेल्या पुस्तकावर पालक सही करतात, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. येथे विद्यार्थ्याच्या जागी सरकारी यंत्रणा होती आणि पालकांच्या जागी नागरिक होते. वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरजच उरली नाही.

टीकेपूर्वी संवाद

या अनुभवातून १९९४ मध्ये 'पब्लिक अफेअर्स सेंटर' ही संस्था उभी राहिली. सर्वांत कमी गुण मिळालेल्या विकास प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच प्रथम संस्थेशी संपर्क साधला आणि सुधारणेसाठी साहाय्य मागितले. अन्य बहुतेक यंत्रणांनी मात्र फारशी हालचाल केली नाही.

१९९९ मध्ये दुसरे प्रगतिपुस्तक तयार झाले, तेव्हा संस्थेने आपल्या पद्धतीत बदल केला. निष्कर्ष जाहीर करण्यापूर्वी ते प्रमुख यंत्रणांच्या अधिकाऱ्यांना दाखवण्यात आले आणि त्यानंतर नागरिक, अधिकारी व पत्रकार यांची खुली बैठक घेण्यात आली. अचानक अंगावर आलेल्या बातमीला अधिकारी बहुधा इन्काराने उत्तर देतात. आकडे आधी हाती असतील, तर 'आम्ही काय करणार आहोत' हे सांगण्याची त्यांची तयारी होऊ शकते. पत्रकाराच्या दृष्टीनेही दोन्ही बाजू असलेली बातमी अधिक भक्कम असते.

दुसऱ्या पाहणीत विकास प्राधिकरणाबाबत समाधानी असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवर, तर २००३ च्या तिसऱ्या पाहणीत ८५ टक्क्यांवर गेले. या बदलाचे सारे श्रेय वृत्तपत्रांना किंवा एका संस्थेला देता येणार नाही. तत्कालीन मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी १९९९ मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली 'बेंगळुरू अजेंडा टास्क फोर्स' नेमला होता. सार्वजनिक परिषदांमध्ये यंत्रणांना आपल्या कामाचा हिशेब लोकांपुढे मांडावा लागत असे. तंत्रज्ञान आणि प्रशासकीय इच्छाशक्ती यांचाही वाटा होता. प्रसिद्धीने केले ते एवढेच, की प्रश्न सर्वांच्या नजरेसमोर ठेवला आणि तो पुन्हा पुन्हा मोजला जाईल याची जाणीव दिली. तथापि, ही जाणीवच यापूर्वी नव्हती.

हिशेबाचे कागद आणि लोकांची भाषा

२००२ मध्ये पब्लिक अफेअर्स सेंटर, जनाग्रह, अक्षरा फाउंडेशन आणि व्हॉइसेस या संस्थांनी एकत्र येऊन 'प्रूफ' ही मोहीम सुरू केली. महापालिकेने दर तिमाहीला आपले आर्थिक हिशेब जाहीर करावेत, ही तिची मागणी होती. हिशेबाचे तक्ते सामान्य वाचकाला रुक्ष वाटतात. म्हणूनच वेगवेगळ्या क्षेत्रांतील संस्थांनी एकत्र येणे महत्त्वाचे ठरले. मिळालेली माहिती वाचकाच्या भाषेत उतरवणे हेही प्रसिद्धीच्या कामातील अर्धे काम असते.

भाषेचा प्रश्न बेंगळुरूत शब्दशः आहे. इंग्रजी वृत्तपत्रांत आलेली बातमी सचिवालयात आणि सुशिक्षित वसाहतींत वाचली जाते. वस्तीतील रहिवासी, पौरकार्मिक किंवा नगरसेवक यांच्यापर्यंत पोहोचायचे तर कन्नड वृत्तपत्र लागते, आणि काही वस्त्यांत तमिळ किंवा उर्दूही. एकाच भाषेत पत्रक काढणारी संस्था नकळत आपला वाचकवर्ग निवडून बसते. जेथे अक्षर पोहोचत नाही, तेथे आवाज पोहोचतो. केंद्र सरकारने २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्यास मुभा दिली. बेंगळुरूत 'रेडिओ अ‍ॅक्टिव्ह' हे केंद्र २००७ मध्ये सुरू झाले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवड येथील 'माणदेशी तरंग' हे महाराष्ट्रातील याच परंपरेचे उदाहरण होय. २००८ मध्ये बेंगळुरूत 'सिटिझन मॅटर्स' हे केवळ शहराच्या प्रश्नांना वाहिलेले वृत्तमाध्यमही सुरू झाले.

महाराष्ट्राचा अनुभव

मोजलेली वेदना बातमी होते, हे महाराष्ट्रानेही पाहिले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीतील 'सर्च' आणि अन्य संस्थांनी गावोगावचे जन्म व बालमृत्यू नोंदवून २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींतून निसटणारे मृत्यू त्यातून पुढे आले. वृत्तपत्रांनी हा विषय उचलून धरला आणि पुढे राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. येथेही बातमीचा विषय संस्था नव्हती. नोंद न झालेली मुले होती.

बेंगळुरूत या प्रश्नाचे महत्त्व पुढील काळात वाढले. बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महानगरपालिका येईपर्यंत निवडणूक झाली नाही. गल्लीतील गटाराविषयी सभागृहात प्रश्न विचारणारा प्रतिनिधीच नसेल, तर तो प्रश्न स्थानिक बातमीतूनच विचारला जातो. अशा वेळी वस्तीत काम करणाऱ्या संस्थेकडील नोंदवही ही मोलाची सार्वजनिक मालमत्ता ठरते. मात्र ती काळजीपूर्वक हाताळावी लागते. लाच दिल्याचे सांगणाऱ्या माणसाचे नाव छापून आले, तर पुढच्या खेपेला त्याचेच काम अडते. पहिल्या प्रगतिपुस्तकात गुण यंत्रणांचे जाहीर झाले, उत्तरे देणाऱ्यांची नावे झाली नाहीत.

प्रसिद्धिपत्रक लिहायला बसलेल्या कार्यकर्त्याने म्हणूनच प्रथम एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपण केलेल्या कामापेक्षा, ते करताना आपल्याला असे काय समजले जे शहराला अजून ठाऊक नाही? त्याचे उत्तर एका आकड्यात आणि एका वाक्यात देता आले, तर बातमीदार ते पत्रक बाजूला टाकण्याची शक्यता कमी. आणि एका वर्षाने तोच आकडा पुन्हा मोजण्याची तयारी असेल, तर यंत्रणेलाही ते बाजूला टाकणे अवघड जाते.