झडपेच्या दांडीला तेलाचे चार थेंब

विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन सुरू करण्यापूर्वी शेतकरी त्याच्या माथ्यावर तेलाचे दोन-चार थेंब सोडतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. इंजिनाच्या पोटात तेल भरलेले असताना वर पुन्हा तेल कशाला?

इंग्लंडमधील डर्सली गावी १९२९ साली निघालेले लिस्टर इंजिन घ्या. पुढे राजकोटच्या कारखान्यांनीही त्याच नमुन्याची इंजिने बनविली. त्यातील ६ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे करते. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते; म्हणजे मिनिटाला ३२५ वेळा, तासाला १९,५०० वेळा! तितक्याच वेळा झडपेची पोलादी दांडी बिडाच्या नळीतून, म्हणजे गाईडमधून, घासत खाली-वर होते. तळाच्या तेलाचे शिंतोडे दट्ट्यापर्यंत उडतात, माथ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून तेथे हाताने तेल द्यावे लागते. दांडी व गाईड यांमधील अरुंद फटीत ते केशाकर्षणाने शिरते.

पण दोन्ही झडपांचे नशीब सारखे नसते. हवा आत घेणाऱ्या वाटेत दाब वातावरणाहून थोडा कमी होतो, त्यामुळे तेल आपोआप खाली ओढले जाते. धुराच्या वाटेत दाब थोडा जास्त असतो. तेथे तप्त वायू तेलाला उलट वर रेटतात आणि भाजूनही काढतात. शिवाय दांडी तापून फुगते. १० मिलिमीटर जाडीची पोलादी दांडी ३०० अंश सेल्सिअसने तापली, तर तिची जाडी सुमारे ०.०३६ मिलिमीटरने वाढते. म्हणून या झडपेची फट मुळातच थोडी मोठी ठेवतात.

मग भरपूर तेल घातले तर बरेच की! लहानपणी मीही असेच समजलो होतो. काकांची नजर चुकवून मी धुराच्या झडपेवर रोज जाडे तेल ओतत असे. आठवडाभरात त्या तेलाचा जळून चिकट राळेसारखा थर झाला. एके सकाळी हँडल नुसतेच गरगर फिरू लागले, हाताला दाब लागेना. झडप उघडीच अडकली होती! डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. हवा निसटली तर ते पेटणार कसे? त्या दिवशी गव्हाचे पाणी चुकले.

काकांनी थंड इंजिनावर दांडीच्या मुळाशी रॉकेल सोडले आणि झडप हाताने दाबून खाली-वर केली. रॉकेल पातळ असते. ते फटीत चटकन शिरते व चिकटा सैल करते. तासाभराने झडप सुटली. मला मात्र त्यांनी तेलाची बुधली पुन्हा वर्षभर दिली नाही.

(इंजिन तापलेले असताना रॉकेल कधीही टाकू नका, ते पेट घेईल. तेलही इंजिन बंद असतानाच घालावे.)

घरी करून पाहा: काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवा. एका कडेला शेंगदाणा तेलाचा आणि दुसऱ्या कडेला रॉकेलचा थेंब टेकवा, आणि कोणता थेंब आत लवकर धावतो ते घड्याळ लावून मोजा.