८८९ मतांचे राज्य
साउथ कॅरोलिना, १८७६

१८७६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट बहुतेक वेळा सॅम्युएल टिल्डन यांच्यावरच्या अन्यायापासून सुरू होते. न्यूयॉर्कचे हे डेमोक्रॅट गव्हर्नर. देशभरातून त्यांना रिपब्लिकन पक्षाच्या रदरफोर्ड हेज यांच्यापेक्षा सुमारे अडीच लाख मते जास्त पडली. अध्यक्ष मात्र हेज झाले, इलेक्टोरल मतांत १८५ विरुद्ध १८४, म्हणजे अवघ्या एका मताने. टिल्डन लुटले गेले असे तेव्हाही म्हटले गेले, आजही म्हटले जाते. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या एका लुटीबद्दल. ती झाली साउथ कॅरोलिनात. या राज्यात हेज जिंकले, आणि ज्यांच्या मतांवर ते जिंकले ती माणसे पुढच्या पाच महिन्यांत वाऱ्यावर सोडली गेली.

आकडे आधी पाहू. साउथ कॅरोलिनात हेज यांना ९१,७८६ मते मिळाली, टिल्डन यांना ९०,८९७. फरक ८८९ मतांचा, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. राज्यातल्या एकूण पात्र मतदारांशी ताळा घातला तर मतदान १०१ टक्के भरते. एजफील्ड कौंटीत तर मतदानाच्या वयाचे जेवढे पुरुष होते, त्याहून सुमारे दोन हजार मते जास्त निघाली. हा निकाल समजून घ्यायचा तर त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आणि त्याच्याही आधीच्या आठ वर्षांत शिरावे लागते.

१८७० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. त्यांत ४,१५,८१४ कृष्णवर्णीय आणि २,८९,६६७ गोरे. अमेरिकी संघातून सर्वांत आधी, डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघालेले राज्य हेच. यादवी युद्धात दक्षिणेचा पराभव झाला, गुलामगिरी गेली, आणि १८६८ मध्ये चार्ल्सटन शहरात नवी राज्यघटना लिहायला जी सभा बसली तिच्यात बहुसंख्य सदस्य कृष्णवर्णीय होते. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार आणि सर्वांसाठी सार्वजनिक शाळा ही त्या घटनेची देणगी. राज्याच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचे बहुमत आले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य जोसेफ रेनी १८७० मध्ये इथूनच गेले. जोनाथन राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. ग्लासगो विद्यापीठात शिकून आलेले फ्रान्सिस कार्डोझो आधी राज्याचे सचिव आणि मग खजिनदार झाले. या काळात भ्रष्टाचारही झाला. छपाईच्या कंत्राटांत आणि जमीनवाटपात बरेच पैसे मुरले, आणि त्यात गोरे-काळे, दोन्ही पक्षांचे लोक होते. पण विरोधकांचा राग तेवढ्यावर नव्हता. काल मळ्यात राबणारा माणूस आज कर ठरवतो, हेच त्यांना सहन होत नव्हते.

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केलेली आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच वर्षी साउथ कॅरोलिनाच्या खजिन्याची किल्ली कार्डोझो यांच्या हाती होती आणि राज्याच्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला, हे मात्र आपण सहसा या पुस्तकाशी जोडून वाचत नाही. ज्या अमेरिकेकडे जोतीराव आशेने पाहत होते, ती लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याइतकीच या राज्याचीही अमेरिका होती. आणि ती तेव्हाच ढासळू लागली होती. १८७३ च्या आर्थिक मंदीने उत्तरेचे लक्ष उडाले. मार्च १८७६ मध्ये क्रुइकशँक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की खासगी टोळ्यांनी केलेल्या हिंसेविरुद्ध संघराज्य सरकारचे हातच बांधले गेले.

आता हॅम्बर्ग. सव्हाना नदीच्या काठी, जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरासमोरचे हे छोटे गाव. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची, गावचा मार्शलही कृष्णवर्णीय. ४ जुलै १८७६, अमेरिकी स्वातंत्र्याचा शंभरावा वाढदिवस. गावच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय मिलिशियाची कवायत चालू होती. बग्गीतून आलेल्या दोन तरुण गोऱ्या शेतकऱ्यांनी वाट सोडायला सांगितली. बाचाबाची झाली, शेवटी रांग फाकली आणि बग्गी निघून गेली. प्रकरण तिथे मिटायला हरकत नव्हती. पण तक्रार न्यायालयात गेली आणि ८ जुलैच्या सुनावणीला शेतकऱ्यांचे वकील म्हणून मॅथ्यू बटलर आले. दक्षिणेच्या सैन्यातले हे माजी जनरल. मिलिशियाने बंदुका खाली ठेवाव्यात अशी त्यांची मागणी होती. बंदुका सरकारी होत्या, मिलिशिया राज्याची होती, मागणाऱ्याला कसलाही अधिकार नव्हता. संध्याकाळपर्यंत शेकडो हत्यारबंद गोरे जमले. मिलिशियाचे लोक शस्त्रागाराच्या इमारतीत शिरले, तेव्हा ऑगस्टाहून तोफ आणली गेली. गोळीबारात एक गोरा तरुण मेला. गावचा मार्शल जेम्स कुक पळताना मारला गेला. पकडलेल्यांना रात्री रस्त्याकडेला बसवून ठेवले, आणि मग त्यांच्यातून काहींची नावे घेऊन एकेकाला उठवले, बाजूला नेले आणि गोळ्या घातल्या. चौकशीनंतर ९४ गोऱ्यांवर आरोप ठेवले गेले. एकावरही खटला उभा राहिला नाही.

रॉबर्ट स्मॉल्स तेव्हा काँग्रेसचे सदस्य होते. १८६२ मध्ये गुलाम असताना त्यांनी ‘प्लांटर’ हे शत्रूचे जहाज चार्ल्सटन बंदरातून बाहेर काढून उत्तरेच्या नौदलाच्या हवाली केले होते. त्यांनी सभागृहात हॅम्बर्गच्या प्रत्यक्षदर्शीचे पत्र वाचले. पत्र लिहिणाऱ्याचे नाव सांगा, अशी मागणी झाली. आणखी एका माणसाचा जीव घ्यायला नाव हवे असेल तर ते माझ्याकडून मिळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

डेमोक्रॅट पक्षातल्या ज्यांना रिपब्लिकन गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन यांच्याशी जुळवून घ्यायचे होते, ते हॅम्बर्गनंतर मागे पडले. ऑगस्टमध्ये पक्षाने गव्हर्नरपदासाठी वेड हॅम्प्टन यांना उभे केले. युद्धाआधी दक्षिणेतल्या सर्वांत श्रीमंत मळेवाल्यांपैकी एक असलेले हे घोडदळाचे माजी जनरल. भाषणांत हॅम्प्टन सौम्य बोलत, कृष्णवर्णीयांचे हक्क जपण्याचे वचन देत. त्यांच्यामागे लाल सदरे घातलेले हजारो घोडेस्वार चालत. मोहिमेचा आराखडा मार्टिन गॅरी यांनी लिहून ठेवला होता, आणि त्यातले एक कलम असे की प्रत्येक डेमोक्रॅटाने किमान एका कृष्णवर्णीयाचे मत आपल्या ताब्यात आणावे, धाक घालून, विकत घेऊन किंवा त्याला मतदानापासून दूर ठेवून. हे उघडपणे लिहिता येत होते, इतकी त्यांना शिक्षेची भीती उरली नव्हती.

धाक कसा चाले ते समजायला तेव्हाची मतदानाची पद्धत लक्षात घ्यावी लागते. मतपत्रिका सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची छापील चिठ्ठी वाटे, आणि मतदार ती सर्वांसमोर पेटीत टाके. गुप्त मतदान नव्हतेच. जमीन ज्याच्याकडून खंडाने घेतली, उधारी ज्याच्या दुकानात होती, तोच मालक पेटीपाशी उभा असे. सप्टेंबरमध्ये एलेंटनच्या आसपास कित्येक दिवस माणसे टिपून मारण्यात आली. मृतांत सायमन कोकर हे विधानसभेचे सदस्यही होते. संघराज्याचे पायदळ पोचले तेव्हा हे थांबले. हिंसा एकाच बाजूने झाली असे मात्र नाही. किनाऱ्याकडच्या भागात कृष्णवर्णीयांची वस्ती दाट होती. तिथे ऑक्टोबरमध्ये केनहॉय इथे झालेल्या चकमकीत गोरेच जास्त मेले, आणि डेमोक्रॅटांना मत देऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांना त्यांचेच लोक मारहाण करीत. स्त्रियांना मत नव्हते, पण नवऱ्याने मत विकले तर त्याला घरात घ्यायचे नाही असा पवित्रा त्यांनी घेतला होता. मत म्हणजे काय हे त्यांना फार नेमके कळले होते. १७ ऑक्टोबरला अध्यक्ष ग्रँट यांनी गोऱ्यांच्या बंदूकधारी क्लबांना पांगण्याचा हुकूम दिला आणि सैन्य पाठवले.

७ नोव्हेंबरला मतदान झाले. इलेक्टोरल मतांत टिल्डन १८४ वर अडले. साउथ कॅरोलिना, फ्लोरिडा, लुइझियाना आणि ओरेगॉनमधले एक अशी २० मते वादात सापडली. साउथ कॅरोलिनाची सात मते राज्याच्या रिपब्लिकन मतमोजणी मंडळाने हेज यांना दिली. एजफील्ड आणि लॉरेन्स या कौंट्यांचे स्थानिक निकाल त्याच मंडळाने रद्द केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल मंडळाच्या सदस्यांना तुरुंगात टाकले, संघराज्याच्या न्यायाधीशाने सोडवले. टिल्डन यांच्या बाजूनेही सौदा चालला होता. हे मंडळ फोडण्यासाठी ८० हजार डॉलरची बोलणी सांकेतिक तारांतून झाली. त्या तारा १८७८ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनने उलगडून छापल्या.

रद्द झालेल्या त्या स्थानिक निकालांवरून कोलंबियात, राज्याच्या राजधानीत, दोन विधानसभा जन्माला आल्या. ३० नोव्हेंबरला डेमोक्रॅट सदस्य अचानक सभागृहात घुसले आणि चार दिवस दोन्ही पक्ष एकाच दालनात बसून राहिले. दोन सभापती शेजारी शेजारी, दोन्ही आपापले कामकाज पुकारणार, एकाच वेळी दोन सदस्य बोलणार. जेवण तिथेच, झोपही तिथेच, कारण बाहेर पडला तो परत आत येईल याची खात्री नाही. ४ डिसेंबरला डेमोक्रॅट निघून गेले. ७ डिसेंबरला चेंबरलेन यांनी शपथ घेतली, १४ डिसेंबरला हॅम्प्टन यांनी. एका राज्याला दोन गव्हर्नर! निकाल लावला तो करदात्यांनी. जमीनदारांनी कर हॅम्प्टन यांच्याकडे भरला आणि चेंबरलेन यांचा खजिना रिता राहिला. त्यांच्या सत्तेचा आधार आता फक्त सभागृहाच्या दारातले संघराज्याचे सैनिक होते.

वॉशिंग्टनमध्ये पंधरा जणांच्या आयोगाने वादातली सर्व मते आठ विरुद्ध सात अशी हेज यांना दिली. फेब्रुवारीच्या अखेरीस वर्मली हॉटेलात हेज यांचे पाठीराखे आणि दक्षिणेचे पुढारी यांच्यात सैन्य काढून घेण्याची बोलणी झाली. त्या हॉटेलचे मालक जेम्स वर्मली स्वतः कृष्णवर्णीय होते. २ मार्चला हेज विजयी घोषित झाले. मार्चअखेर त्यांनी दोन्ही गव्हर्नरांना बोलावून घेतले. हॅम्प्टन यांच्या वचनांवर त्यांचा विश्वास बसला होता, असे दिसते. तो विश्वास प्रामाणिक असेलही, पण हॅम्बर्गला नऊ महिनेच झाले होते आणि वचन देणाऱ्याच्या बाजूला बटलर उभे होते. १० एप्रिल १८७७ ला दुपारी सैनिक सभागृहातून निघाले. दुसऱ्या दिवशी चेंबरलेन यांनी कार्यालय सोडले.

एकाच मतपेटीतून हेज आणि हॅम्प्टन दोघेही निवडून आल्याचे मानले गेले. डेमोक्रॅटांच्या मोजणीत हॅम्प्टन यांना ९२,२६१ आणि चेंबरलेन यांना ९१,१२७ मते होती, आणि या मोजणीत एजफील्डची ती फुगीर मतेही धरलेली आहेत. अध्यक्षासाठी पडलेले कृष्णवर्णीयांचे मत कामी आले, गव्हर्नरासाठी पडलेले तेच मत बुडाले. जीव मुठीत धरून पेटीपर्यंत गेलेल्या माणसाच्या एका चिठ्ठीचे हे दोन भाग हेज यांनी स्वीकारले, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोठे पाप वाटते. टिल्डन न्यूयॉर्कला आपल्या घरी परतले. एजफील्डच्या मतदाराला परतायला सुरक्षित घर नव्हते.

पुढचे सगळे वेगाने घडले. बटलर सिनेटवर गेले. विद्यापीठ १८७७ मध्ये बंद केले गेले आणि १८८० मध्ये उघडले ते फक्त गोऱ्यांसाठी. १८८२ च्या कायद्याने प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी आली. निरक्षर मतदाराने चुकीच्या पेटीत चिठ्ठी टाकली की मत बाद. हॅम्बर्गच्या कत्तलीत सामील असल्याची फुशारकी मारणारे बेंजामिन टिलमन गव्हर्नर झाले, आणि १८९५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने नवी घटना लिहिली गेली. त्या सभेत सहा कृष्णवर्णीय सदस्य होते, त्यांपैकी एक पन्नाशी उलटलेले रॉबर्ट स्मॉल्स. त्यांनी विरोध केला, मतदानात हरले.

या काळाचा इतिहास पुढे कित्येक वर्षे विद्यापीठांतून उलटा शिकवला गेला. अडाणी लोकांच्या हाती सत्ता गेली आणि राज्य बुडाले, एवढाच त्याचा सूर असे. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहून ही मांडणी मोडली, आणि त्यात साउथ कॅरोलिनासाठी वेगळे प्रकरण आहे. याच दु बॉइस यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या.

१९३६ मध्ये साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅट रूझवेल्ट यांना ९८ टक्क्यांहून जास्त मते पडली. विरोधात मत देऊ शकणारे लोक यादीतच उरले नव्हते. १८७६ नंतर रिपब्लिकन पक्षाने हे राज्य पुन्हा जिंकले ते १९६४ मध्ये. तेव्हाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी त्याच वर्षी सिनेटमध्ये नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले होते, आणि साउथ कॅरोलिनाच्या गोऱ्या मतदारांनी त्यांना निवडले ते त्याच मतासाठी.