धूर, तृष्णा आणि शिक्षापद

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. पंचशीलातील पाचवे शील सुरा, मेरय आणि मद्य यांच्याविषयी आहे. त्यात विडी-सिगारेटचा किंवा तंबाखूचा उल्लेख नाही, मग तंबाखू ओढणाऱ्या उपासकाचे शील मोडते काय? प्रश्न काही वेळा प्रामाणिकपणे विचारलेला असतो, तर काही वेळा खिशातील पाकिटाचे समर्थन करण्यासाठी. दोन्ही प्रकारच्या विचारणाऱ्यांना उत्तर मात्र एकच द्यावे लागते, आणि ते सरळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही.

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारतात आली, तेव्हा भगवंतांच्या महापरिनिर्वाणाला सुमारे दोन हजार वर्षे उलटून गेली होती. त्यामुळे तिचे नाव शीलात आढळणे शक्यच नाही. तथापि धुराचा उल्लेख विनयपिटकात आहे, आणि तो उद्बोधक आहे. स्थविर पिलिंदवच्छ यांना डोकेदुखीचा विकार होता. डोक्याला तेल लावून झाले, नाकात औषध घालून झाले, तरी आराम पडेना. तेव्हा भगवंतांनी औषधी धूर घेण्याची अनुज्ञा दिली. वात पेटवून धूर घेताना घसा भाजू लागला, म्हणून धूम्रनलिकेचीही अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खू सोन्याचांदीच्या नळ्या बाळगू लागले, लोक नावे ठेवू लागले, आणि भगवंतांनी तसल्या नळ्यांना मनाई केली. धूर औषध म्हणून चालला, मिरवण्याची वस्तू होताच अडवला गेला. वस्तूकडे नव्हे, तिच्याशी जडलेल्या मनाकडे पाहण्याची ही दृष्टी आहे.

म्हणून विडी ओढणाऱ्याला 'तुझे शील भंगले' असे आम्ही म्हणत नाही. मद्याने जशी शुद्ध हरपते तशी तंबाखूने हरपत नाही, आणि थायलंड, म्यानमारसारख्या बौद्ध देशांत काही भिक्खूही धूम्रपान करतात, हे लपवण्यात अर्थ नाही. आमचा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. ज्या तृष्णेचा उगम आणि निरोध भगवंतांनी आयुष्यभर समजावून सांगितला, तिचा इतका स्वच्छ, घड्याळ लावून पाहता येण्याजोगा नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

धूर आत घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते व क्षणभर सुखाची संवेदना निर्माण होते. सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. मग अस्वस्थता, चिडचिड, कशातच लक्ष न लागणे सुरू होते, आणि पुढची विडी ती अस्वस्थता शमवते. ओढणारा म्हणतो, विडीने डोके शांत होते. वास्तविक आधीच्या विडीने निर्माण केलेली अशांती पुढची विडी तात्पुरती दूर करीत असते. प्रतीत्यसमुत्पादाच्या भाषेत, स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. येथे वेदना म्हणजे दुखणे नव्हे, सुखद वा दुःखद अशी कोणतीही संवेदना. जेवण आटोपले, चहाचा कप हाती आला, एस.टी.ची वाट पाहत फलाटावर उभे राहिलो, की स्पर्श झालाच. त्यामागून उठणारी संवेदना रोखणे आपल्या हाती नाही. मात्र संवेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट आहे, आणि साधनेला जागा मिळते ती तेथेच.

'उपादान' या पाली शब्दाचा एक अर्थ आसक्ती, तर दुसरा अर्थ इंधन. आग विझवायची तर तिच्याशी झुंजण्यापेक्षा तिला इंधन न घालणे पुरते. तलफेचेही असेच आहे. एकेक तलफ बहुधा काही मिनिटेच टिकते. ती शरीरात कोठे जाणवते, घशात की छातीत की हातांच्या बोटांत, हे तटस्थपणे पाहत राहिल्यास ती वाढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. 'अनित्य' हा शब्द वंदनेत शेकडो वेळा उच्चारलेल्या माणसाला त्याचा प्रत्यक्ष अनुभव अशा पाच मिनिटांत येऊ शकतो.

अर्थात नुसते पाहत बसणे प्रत्येक वेळी साधत नाही. अशा वेळेसाठी मज्झिमनिकायातील वितक्कसंठान सुत्त आम्हाला फार उपयुक्त वाटते. अकुशल विचार मनात शिरला तर काय करावे, याचे पाच उपाय भगवंतांनी त्यात क्रमाने सांगितले आहेत. पहिला उपाय सुताराच्या दृष्टान्ताने येतो. कुशल सुतार जाड खुंटी काढण्यासाठी बारीक खुंटी तिच्या जागी ठोकतो. रिकामी जागा ठेवीत नाही, हे ध्यानात घ्यावे. जेवणानंतरच्या विडीच्या जागी बडीशेप, लवंग किंवा शतपावली, चहासोबतच्या सिगारेटच्या जागी काही दिवस चहाऐवजी ताक. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण खुंटी बारीकच असते. दुसरा उपाय दुष्परिणामांचे चिंतन. तिसरा, त्या विचाराकडे लक्षच न देणे. चौथा, धावणाऱ्याने चालावे, चालणाऱ्याने थांबावे, थांबलेल्याने बसावे, त्याप्रमाणे विचाराचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवणे. आणि हे सारे निष्फळ ठरले तर पाचवा: दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून, मनानेच मनाला निग्रहाने आवरणे.

आपल्याकडे बहुतेक लोक पाचव्या उपायापासून प्रारंभ करतात. पाकीट चुरगाळून फेकतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात, दात आवळून चार दिवस काढतात. पाचव्या दिवशी पानटपरीसमोर पाय थांबतात, आणि 'माझ्यात मनोबलच नाही' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. भगवंतांनी शेवटचा म्हणून सांगितलेला उपाय त्यांनी पहिला वापरलेला असतो, एवढेच. मनोबलाचा तेथे फारसा संबंध नसतो. शिवाय पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात व शारीरिक त्रास साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, हे आधीच ठाऊक असलेला माणूस पाचव्या दिवशी इतका घाबरत नाही.

येथे 'शिक्षापद' या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पंचशील ही आज्ञा नव्हे आणि शपथही नव्हे. प्रत्येक शीलात आपण अमुक गोष्टीपासून विरत राहण्याचे शिक्षण स्वीकारीत असतो. शपथ एकदा मोडली की मोडली. शिक्षणात मात्र चुकलेले गणित पुन्हा सोडवायचे असते. म्हणूनच आपण पंचशील आयुष्यात एकदा नव्हे, प्रत्येक वंदनेत नव्याने ग्रहण करतो. बहुतेकांना तंबाखू एका प्रयत्नात सुटत नाही. एक विडी ओढली गेली म्हणून सारे संपले असे मानून पाकीट विकत घेणे, हे त्या एका विडीपेक्षा अधिक घातक असते. कोठे, कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत हात गेला, हे पाहून ठेवावे आणि पुढच्या वंदनेत शील पुन्हा घ्यावे. स्वतःची निर्भर्त्सना करू नये. मैत्रीभावनेचा प्रारंभ स्वतःपासून करण्याची परंपरा आहे, तिचा उपयोग येथे होतो.

सोडण्याचा दिवस कोणता निवडावा? आमची सूचना आषाढ पौर्णिमेची. त्या दिवसापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने असतात. वस्तीतील विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असते, संध्याकाळी चार माणसे एकत्र येतात. शारीरिक त्रासाचा सगळा काळ या अवधीत मावून उरतो. शिवाय नेमक्या सायंकाळच्या रिकाम्या वेळेला, जेव्हा पाय टपरीकडे वळतात, तेव्हा बसायला विहार असतो.

सोबतीचे महत्त्व आम्ही वेगळे सांगायला नको. कल्याणमित्र म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य असे आनंद म्हणाले, तेव्हा अर्धे नव्हे, संपूर्ण, असे भगवंतांनी त्यांना सांगितले होते. सोडू पाहणाऱ्याने हे निदान एका माणसाला सांगून ठेवावे, आणि त्या माणसाने दर आठवड्याला न टोमणा मारता विचारपूस करावी. घरच्यांची परीक्षा पहिल्या दोन आठवड्यांत असते. माणूस विनाकारण खेकसतो, त्याला झोप लागत नाही. 'यापेक्षा ओढत होता तेच बरे' हे वाक्य तेवढे दिवस घरात कोणी उच्चारू नये.

विडीविषयी बोलताना विदर्भातील आपल्या समाजाला एक गोष्ट विसरता येत नाही. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. यांनी कामठी परिसरातील विडी कामगारांना संघटित केले होते. तेंदूपत्ता आणि सुपातील जर्दा यांवर आपल्यापैकी अनेक घरांची चूल पेटली, मुले शिकली. विडी वळणाऱ्या हातांविषयी आम्हाला कृतज्ञताच आहे. परंतु तो जर्दा त्या हातांनाही सुखासुखी जगू देत नव्हता, हेही त्या घरांना ठाऊक आहे.

आज प्रश्न विडीपुरता उरलेला नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर खर्रा, गुटखा, मशेरी अशा स्वरूपात तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे. पण कायदा टपरी हटवतो, पालकांच्या खिशातील पुडी हटवू शकत नाही. रविवारी भेटीला येणाऱ्या पालकांना म्हणूनच विनंती, की फाटकाबाहेर थांबून शेवटचा झुरका घेण्यापेक्षा तो दिवसच कोरडा काढून पाहावा. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत आठ-दहा तास होतात. बारा तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पूर्ववत होते. वर्षभर धूम्रपान टाळल्यास हृदयविकाराचा त्यापायी वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो. ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यात संकोच मानू नये. निकोटिनचा च्युइंगगम, पट्टी व अन्य औषधे उपलब्ध आहेत, आणि पिलिंदवच्छांची कथा आठवता औषध घेण्यात धम्माला काही बाधा येत नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशनही मिळते. तो क्रमांक वसतिगृहाच्या भेट-कक्षात, पालकांच्या नोंदवहीशेजारी लावून ठेवला आहे.