चेंडू कुठे थांबला, हे ठरते कसे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. प्रत्येक प्रयत्न कुठे संपला हे पंच ठरवतात आणि पुढचा प्रयत्न तिथूनच सुरू होतो. कधी चार बोटांच्या फरकाने सामना फिरतो, त्यामुळे टीव्हीसमोर पंचांचा उद्धार होणे साहजिक आहे. पण त्यातला बराचसा राग पंचांवर नसून नियमावर असतो, आणि तो नियम रागावणाऱ्याला पुरता माहीत नसतो.

गैरसमज: खेळाडू जिथे पडतो, तिथेच चेंडू ठेवतात.

पटण्यासारखी समजूत आहे. कबड्डीत चढाईपटूला मागे ओढून दाबून धरले की चढाई फुकट जाते. डोळ्यांना तीच सवय असते. इथे नियम उलट आहे. चेंडू घेऊन धावणारा जिथपर्यंत पुढे पोचला, तो सर्वांत पुढचा बिंदू धरला जातो. त्यानंतर बचावपटूंनी त्याला उचलून तीन यार्ड मागे नेऊन आपटले, तरी ते तीन यार्ड त्याच्या खात्यातून जात नाहीत. याला फॉरवर्ड प्रोग्रेस म्हणतात. ही तरतूद नसती, तर खेळाडूला पाडण्यापेक्षा त्याला धरून उलट दिशेने नेण्यातच बचावाचा फायदा झाला असता.

मात्र ही सवलत समोरच्याने मागे रेटल्यासच मिळते. खेळाडू वाट शोधत आपणहून मागे वळला आणि तिथे पकडला गेला, तर गमावलेले यार्ड त्याचे त्याने सोसायचे. म्हणजे तो कुठवर गेला एवढेच पाहून पंचाचे भागत नाही. मागे आला तो कुणाच्या जोराने, हेही त्याच क्षणी ठरवावे लागते. कडेच्या रेषेजवळ हा घोळ हमखास होतो. खेळाडूला मागे रेटत मैदानाबाहेर नेले जाते, आणि पंच हात गोल फिरवून घड्याळ चालू ठेवण्याची खूण करतो. ‘अहो, बाहेर गेला की, घड्याळ थांबवा!’ असा ओरडा होतो. पण त्याची आगेकूच मैदानातच थांबलेली असते, म्हणून घड्याळ थांबत नाही.

गैरसमज: गुडघा जिथे टेकला, ती जागा मोजायची.

गुडघ्यावरून वेळ ठरते. जागा ठरते चेंडूवरून. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नियमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्यावर हाताचे पंजे आणि पावले सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला की खेळ संपला. त्या क्षणी चेंडूचे पुढचे टोक कुठे होते, तेवढेच पाहायचे. पाय पुढे टाकून कोसळणाऱ्याच्या कमरेशी धरलेला चेंडू त्याच्या बुटांच्या बराच मागे असू शकतो. हात लांबवून चेंडू पुढे नेला आणि टेकण्याआधी स्वतःच पोटाशी ओढून घेतला, तर लांबवल्याचा लाभही गेला. अपवाद गोलरेषेचा: तिथे चेंडू रेषेच्या प्रतलात शिरला की टचडाउन, पुढे काय झाले याला महत्त्व नाही. कॅमेऱ्याला गुडघा स्पष्ट दिसतो आणि चेंडू दंडाखाली दडलेला असतो. समजूत रुजली ती यामुळे.

गैरसमज: ढिगाऱ्यातून चेंडू काढून पंच तो अंदाजाने ठेवतात.

चित्र तसेच दिसते खरे. मैदानाच्या मधला एक पंच वाकतो, देहांच्या ढिगातून चेंडू काढतो आणि ठेवून देतो. पण जागा बहुतेक वेळा त्याने ठरवलेलीच नसते. एनएफएलमध्ये सात पंच असतात. त्यांतले डाउन जज आणि लाइन जज खेळ सुरू होतो त्या रेषेच्या दोन टोकांना, कडेला उभे राहतात. ते खेळाच्या बरोबरीने कडेने सरकतात, चेंडू थांबला त्या रेषेत येतात आणि मग काटकोनात आत चालत येतात. तिरके धावत आले तर तेवढ्यातच जागा निसटते, म्हणून हा काटकोन. पुढच्या पायाने जागा धरून ठेवायची, समोरच्या जोडीदाराकडे नजर टाकायची, आणि ज्याला नीट दिसले त्याचा पाय मानायचा. मधला पंच त्या पायाच्या रेषेत चेंडू ठेवतो.

पद्धत आहे म्हणून चूक होतच नाही, असे नव्हे. जानेवारी 2025 मध्ये बफेलो बिल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांच्या, एनएफएलमधल्या एएफसी या विभागाच्या अंतिम सामन्यात, बिल्स 22-21 ने पुढे असताना त्यांच्या जॉश अॅलनने चौथ्या प्रयत्नात एका यार्डासाठी गर्दीत मुसंडी मारली. दोन कडांच्या पंचांचे पाय एका रेषेत आले नाहीत. मागची जागा मानली गेली, चेंडू चीफ्सकडे गेला आणि सामनाही त्यांनी 32-29 असा जिंकला. तो निर्णय आजही वादात आहे, आणि वाद घालणाऱ्यांना वेडे म्हणता येणार नाही.

गैरसमज: आता कॅमेरे मोजतात, म्हणजे माणसाच्या नजरेचा प्रश्न मिटला.

2025 च्या हंगामापासून एनएफएलमध्ये दहा यार्डांची साखळी मैदानात आणण्याऐवजी हॉक-आय यंत्रणेचे सहा 8के कॅमेरे मोजमाप करतात. साखळीवाले कडेला राखीव म्हणून आहेतच. पण कॅमेरे मोजतात ते पंचाने ठेवलेला चेंडू दहा यार्डांच्या रेषेपर्यंत पोचला की नाही, एवढेच. चेंडू तिथेच का ठेवला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर आहे. डिसेंबर 2017 मध्ये ओकलंडच्या सामन्यात पंच जीन स्टेरेटोर यांनी चेंडू आणि साखळीची काठी यांच्यामध्ये घडी केलेला कागद सरकवून डॅलस काउबॉइजना फर्स्ट डाउन (म्हणजे नवे चार प्रयत्न) दिला, तेव्हा सगळे त्या कागदाला हसले. मोजणी तर कागदाच्या जाडीपर्यंत गेली होती. पण चेंडू तिथे ठेवताना कुणी ती जाडी मोजली होती? नजरेने ठेवायचे आणि केसाच्या फरकाने मोजायचे, ही खरी विसंगती. ती कॅमेऱ्यांनी दूर होत नाही.

चेंडूत 2017 पासून चिप आहे, मग ती वापरा, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. सूचना चुकीची नाही, अपुरी आहे. चेंडू कुठे आहे हे चिप सांगेल. गुडघा कधी टेकला, धावणाऱ्याला मागे कुणी रेटले, आगेकूच कुठल्या क्षणी संपली, हे ती सांगू शकत नाही.

गैरसमज: चुकले तरी रीप्लेत दुरुस्त होते.

चेंडूची जागा फर्स्ट डाउन किंवा गोलरेषेच्या संदर्भात तपासता येते. पण निर्णय बदलायला निर्विवाद पुरावा लागतो. तो नसेल तर मूळ निर्णय कायम राहतो, अॅलनच्या बाबतीत राहिला तसा. शिवाय काही गोष्टी तपासणीच्या बाहेरच असतात. 6 जानेवारी 2018 रोजी चीफ्सच्या डेरिक जॉन्सनने टेनेसी टायटन्सच्या मार्कस मॅरिओटाला पकडले, चेंडू निसटला आणि चीफ्सच्या हाती लागला. पंच म्हणाले, आगेकूच आधीच थांबली होती, म्हणजे चेंडू सुटलाच नाही. या निर्णयाला आव्हान देण्याची सोय नव्हती. टायटन्सनी त्याच चढाईत फील्ड गोल केला आणि सामना 22-21 असा जिंकला. इथे शिट्टीचा कीस काढला जातो: ‘शिट्टी तर नंतर वाजली!’ ती बहुधा नंतरच वाजते. नियमाने चेंडू आधीच मृत झालेला असतो. शिट्टी ते जाहीर करते. (चुकून आधी वाजली, तर मात्र तीच खेळ थांबवते.)

गैरसमज: पडद्यावरची पिवळी रेषा ओलांडली, म्हणजे झाले.

सप्टेंबर 1998 पासून दिसणारी ही रेषा प्रक्षेपणवाले प्रेक्षकांच्या सोयीसाठी काढतात. मैदानावर ती नसते, पंचांना दिसत नाही आणि निर्णयात तिला स्थान नाही.